नागनिका नाव ठेवायचंय? आधी त्याचं मूळ असं शोधा

मुलीचं नाव नागनिका ठेवायचं म्हणताय ना, मग पहिलं काम म्हणजे बाळांच्या नावांच्या साइट बंद करा. तिथे अर्थ एका ओळीत मिळतो, पण नाव आलं कुठून ते कुणी सांगत नाही.

आधी ते नाव सगळ्यात जुनं कुठे लिहिलेलं सापडतं ते बघायचं. नागनिकेचं सापडतं जुन्नरजवळच्या नाणेघाटात. बरेच जण तिथला दगडी रांजण बघतात, फोटो काढतात आणि निघतात, पण लेण्यात शिरलात तर भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृतातला लांबलचक लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी) किती दिली त्याची अख्खी यादीच. मागच्या भिंतीला सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, आता पायाचे अवशेष तेवढे उरलेत, पण वरची नावं वाचली गेलीयत. त्यातलं एक, 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. म्हणजे राणी नायनिकेचा आणि राजा श्री सातकर्णीचा.

आता शेवटचा 'य' सोडा, तो आपल्या 'चा-ची'सारखा विभक्तीचा आहे. उरलं नायनिका. इथेच लोक घसरतात, नयन दिसलं की सुंदर डोळ्यांची वगैरे सुरू. पण प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' बऱ्याचदा गळतो आणि तिथे 'य' येतो, म्हणून नागचं झालं नाय. लांबचं वाटतंय? मग संगमनेर, पारनेर बघा, नगरमधला ग असाच झिजून नेर झालंय.

मग पडताळा घ्यायचा, कारण एकट्या नावावर भरवसा नको. जुन्नर भागात मिळालेल्या एका नाण्यावर सातकर्णीबरोबर हिचंही नाव आहे, राजाच्या जोडीला राणीचं नाव म्हणजे साधी गोष्ट नाही हो. शिवाय मुंबईच्या कान्हेरी लेण्यातल्या लेखात नागमुलनिका भेटते, ती महारठीची, म्हणजे त्या काळच्या एका मोठ्या सरदाराची बायको, आणि आपली नागनिका महारठीची लेक मानतात. म्हणजे 'नाग' घालून बायकांची नावं ठेवायची रीतच होती म्हणायची.

आणि घरात आजी 'नाग' ऐकून नाक मुरडत असेल तर सरळ नायनिका ठेवा, दगडावर तेच कोरलंय.