वाचनालयाची वेबसाइट: वर्डप्रेसमध्ये पेज करताना आणि सांभाळताना

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. ती वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. आसपासच्या वाचनालयांचे ग्रंथपाल चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे पोस्टमध्ये टाकायचं की पेजमध्ये?

दारावरचा रंगवलेला फलक म्हणजे पेज आणि सूचनाफलकावर टाचलेला कागद म्हणजे पोस्ट. वेळ, वर्गणी, अनामत, कार्यकारिणी यांची पेजेस करा. व्याख्यानाचं निमंत्रण, नव्या पुस्तकांची यादी, ‘उद्या वाचनालय बंद’ हे सगळं पोस्टमध्ये. पोस्ट तारखेनुसार मागे सरकत जाते, पेज जागचं हलत नाही. म्हणून पेजला मुळात कॅटेगरी किंवा टॅग नसतात आणि ते फीडमध्येही, म्हणजे नव्या मजकुराच्या आपोआप बनणाऱ्या यादीतही, जात नाही. २००३ साली वर्डप्रेस आलं तेव्हा पेज हा प्रकारच नव्हता. तो २००५ सालच्या १.५ आवृत्तीत आला.

डॅशबोर्डवर, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या कामाच्या पानावर, डावीकडे ‘पेजेस’ उघडलं की ‘सॅम्पल पेज’ आधीच बसलेलं दिसेल. ते काढून टाका. प्रायव्हसी पॉलिसीचा कच्चा मसुदाही तिथेच असतो, तो मात्र ठेवा. सभासद-अर्ज ऑनलाइन भरून घेणार असाल, तर लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर तुमच्याकडे येणार. त्यांचं काय करता, हे त्या पानावर नीट लिहायलाच हवं.

आता नवीन पेज घ्या, शीर्षक लिहा, मजकूर लिहा. ‘पब्लिश’ दाबण्याआधी उजवीकडच्या पट्टीत स्लग बघा. स्लग म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस स्लगही देवनागरीत बनवतं आणि ब्राउझरमध्ये तो छान दिसतो. पण साठवताना प्रत्येक अक्षराच्या, काना-वेलांटीच्यासुद्धा, टक्केचिन्हांसकट नऊ रोमन खुणा होतात, आणि स्लगला जागा २०० खुणांचीच. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘सभासद होण्यासाठी आवश्यक कागदपत्रे’ असं शीर्षक दिलंत तर स्लग ‘आवश्यक’पाशीच तुटतो, कागदपत्रे गायब! शिवाय अशी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की बरेचदा टक्केचिन्हांची लांबलचक रांग दिसते, आणि लोक तिला घाबरून हात लावत नाहीत. शीर्षक मराठीतच ठेवा. स्लग तेवढा रोमन अक्षरांत, एक-दोन शब्दांचा, हाताने लिहा.

स्लगमध्ये साल घालू नका. आमचं ‘दिवाळी अंक योजना’ हे पेज दरवर्षी तेच असतं. योजनेची वर्गणी बदलते, अंकांची यादी बदलते, पत्ता तोच. तो पावतीवर छापलाय, काउंटरवरच्या क्यूआर कोडमध्ये आहे, जुन्या सभासदांच्या फोनमध्ये आहे. दरवर्षी नवं पेज काढलं तर लोक जुन्याच पानावर जाऊन जुनी वर्गणी वाचतील. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवतं, पण पेजसाठी अशी नोंद ठेवत नाही. बदलणं अगदी भागच पडलं, तर रीडायरेक्टचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घालून जुना पत्ता नव्याकडे वळवा. ‘पेरेंट’, म्हणजे ज्याच्या पोटात पेज येतं ते वरचं पेज, बदलतानाही हेच लक्षात असू द्या. ‘इतिहास’ हे पेज ‘वाचनालयाविषयी’च्या पोटात टाकलं की त्याचा पत्ताही बदलतो.

मजकुराबद्दल माझा एक आग्रह आहे. वर्गणीच्या तक्त्याचा फोटो काढून चिकटवू नका. फोनवर तो वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर त्यातली रक्कम वाचून दाखवू शकत नाही. टेबल ब्लॉक घ्या, चार ओळी टाइप करा. कार्यालयातली जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असेल तर थेट पेस्ट केल्यावर अगम्य अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवर सगळीकडे नीट दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करा आणि मग जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून महिना आणि साल स्वतः लिहा. बऱ्याच थीम (साइटच्या रूपाचे तयार साचे) पेजवर तारीख दाखवत नाहीत, आणि तारीख दिसली नाही तर ‘ही वर्गणी आत्ताची का?’ असा फोन येतोच.

मुखपृष्ठ म्हणून एखादं पेज ठेवायचं असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये ते निवडा. तिथेच पोस्टसाठी वेगळं पान निवडता येतं, पण त्या पानावर तुम्ही लिहिलेला मजकूर दिसत नाही, नुसत्या पोस्टची यादी येते. मेनूत मात्र पाच-सहाच नावं असू द्या.

साइट सांभाळायला माणसं नेमताना भूमिका बघून द्या. कुणाला काय बदलता येईल, हे वर्डप्रेसमध्ये भूमिकेवरून ठरतं. ‘ऑथर’ला पेजेस दिसतच नाहीत, तो फक्त पोस्ट लिहितो. व्याख्यानमालेच्या बातम्या टाकणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढं पुरे. पेजेस बदलता येतात ती भूमिका ‘एडिटर’ची. वर्गणीच्या पेजला हात लावणारी अशी एकच व्यक्ती असावी. कुणी चुकीचा आकडा टाकलाच तर ‘रिव्हिजन्स’मधून, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदींतून, जुनी प्रत परत आणता येते. काढून टाकलेलं पेजही ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये असतं. कार्यकारिणी बदलली की मात्र जुनं पेज काढू नका. त्याच पेजवर नवी नावं वर घ्या आणि आधीच्या कार्यकारिणीची नावं कार्यकाळासह खाली राहू द्या.