हॅश जुळला म्हणून फाइल सोडून देऊ नका

हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, आणि एमडी५, शा-१, शा-२५६ या तो काढायच्या पद्धती, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो. डिजिटल पुराव्यासाठी डिस्क तपासायला घेतली की लाखो फाइली समोर येतात आणि बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमच्या नाहीतर नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या असतात. त्या बाजूला काढायला अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा एनएसआरएल (नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी) प्रकल्प ज्ञात फाइलींच्या हॅशची यादी, म्हणजे आरडीएस (रेफरन्स डेटा सेट), मोफत देतो. डिस्क तपासायच्या ऑटॉप्सीसारख्या टूलमध्ये ती जोडली की ढिगारा झरझर उतरतो. नव्या माणसाला फार हायसं वाटतं, आणि धोका तिथेच आहे.

ही यादी ज्ञात फाइलींची आहे, निर्धोक फाइलींची नव्हे. तिच्यात हॅकिंगची आणि माहिती दडवण्याची टूलंही आहेत, आणि निस्ट हे उघडपणे सांगते. हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ अंगात मुरायला मला फार झगडावं लागलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडोजच्या लॉगिन पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीजसाठी (कीबोर्ड वापरणं सोपं करणारी सोय) सेथसी.एक्झी ही फाइल चालते. घुसखोराच्या हाती अ‍ॅडमिनचे अधिकार आले की तो तिच्या जागी सीएमडी.एक्झीची, म्हणजे कमांड विंडो उघडणाऱ्या फाइलीची, प्रत त्याच नावाने ठेवू शकतो. मग पाचदा शिफ्ट दाबायचा अवकाश, पासवर्ड न देता सिस्टीमच्या अधिकारांची कमांड विंडो उघडते. आता हॅश काढा. हॅश फक्त आतल्या मजकुराचा निघतो, नाव आणि जागा त्यात येतच नाहीत. मजकूर अस्सल मायक्रोसॉफ्टचा, त्यामुळे ती आवृत्ती यादीत असली की फाइल जुळणार आणि फिल्टर ती लपवणार. अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या नजरेसमोरून नाहीसा!

म्हणून फिल्टर लावण्याआधी जुळलेल्या फाइलींचं डिस्कवरचं नाव आरडीएसमधल्या नावाशी ताडून पाहा. नावं वेगळी निघाली तर फाइल हाताने उघडा. यात कचरा बराच येतो (शून्य बाइटच्या सगळ्या फाइलींचा हॅश एकच असतो, त्या आधीच वगळा), तरी विंडोजच्या अशा फाइली जिथे असतात त्या सिस्टीम३२ फोल्डरपुरतं हे कराच. कंटाळा आला म्हणून सोडू नका.

एमडी५ २००४ मध्ये आणि शा-१ २०१७ मध्ये फुटल्याचं ऐकून मात्र धास्तावू नका. तेव्हा दाखवलं गेलं ते एकच हॅश असलेल्या दोन फाइली मुद्दाम घडवणं. आधीपासून असलेल्या फाइलीच्या हॅशला जुळणारी दुसरी फाइल बनवणं याहून कितीतरी कठीण आहे. तरी सोय असेल तिथे शा-२५६ वापरा, आरडीएसच्या तिसऱ्या आवृत्तीत तो आहे.

हॅश ताडायला तयार स्क्रिप्ट उचलून वापरणं मला पटत नाही. आरडीएसमधले हॅश मोठ्या अक्षरांत, शा-१ हॅश काढणारी शा१सम ही कमांड देते ते लहान अक्षरांत. स्क्रिप्टने हा फरक सांभाळला नाही तर एकही फाइल जुळत नाही आणि माणूस यादीला दोष देत बसतो. पहिल्यांदा एका फाइलीचा हॅश स्वतः काढायला लावणारा मार्गदर्शक मिळाला तर त्याला सोडू नका.

आणि न जुळलेल्या फाइलींचा ढीग पाहून घाबरू नका. सेटिंगच्या फाइली, लॉग, वापरणाऱ्याचे स्वतःचे दस्तऐवज यादीत सहसा नसतात. एवढ्यावरून त्यांतलं काहीही संशयास्पद ठरत नाही.