पोस्टर झकास, कार्यक्रम भकास: डिझाइन कॉन्फरन्स भरवताना या चुका टाळा

मुंबईत दर हिवाळ्यात डिझायनरांच्या कुठल्या तरी ग्रुपला हुक्की येते, की यंदा आपली स्वतःची कॉन्फरन्स झालीच पाहिजे. दोनअडीचशे माणसं, एक दिवस, सगळे आपलेच: इलस्ट्रेटर, अक्षरं घडवणारे टाइपवाले, अॅपचे स्क्रीन आखणारे यूआयवाले, जेजे आणि रचना संसद या कला-डिझाइन कॉलेजांची पोरं. हेतू चांगलाच असतो. पण पहिल्या मीटिंगला ठरतो लोगो, दुसरीला लोगोचं नवं व्हर्जन, आणि तिसरीला टोट बॅग पिवळी की काळी यावर दीड तास जातो. कोण किती वाजता स्टेजवर चढणार, हा कागद मात्र आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर फिरतो. बॅगेला तीन महिने आणि दिवसाच्या आखणीला एक रात्र, हे गणितच मुळात चुकीचं आहे. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

हॉल दिवसभराचा समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईतली नाट्यगृहं सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांवर मिळतात. भाडं परवडतं, खुर्च्या बऱ्या असतात, स्टेज आयतं मिळतं, म्हणून नवखे ग्रुप सकाळचं सत्र घेतात आणि आपल्याला अख्खा हॉल मिळाला असं समजून चालतात. दुपारच्या सत्राला तिथे नाटक असतं, आणि नाटकवाल्यांना त्यांचा वेळ लागतोच.

अशाच एका कार्यक्रमात आयत्या वेळी मला स्टेज सांभाळायला बोलावलं. कागदावर सुरुवात साडेनऊची होती. प्रत्यक्षात दहा वाजून गेले तरी दीपप्रज्वलन चालूच. समई डिझायनर होती, सुरेख, उभट, पण वाती कोणी तेलात भिजवल्याच नव्हत्या आणि वर पंखा फिरत होता. पाच मान्यवर पाळीपाळीने काडी ओढतायत, फोटोग्राफर ‘सर, एकदा परत’ म्हणतोय. मग सत्कार. शाल, श्रीफळ, रोपटं, प्रत्येकाचा परिचय, परिचयात प्रत्येक पुरस्काराचं साल. पहिला वक्ता उभा राहिला तेव्हा अकराला पाच कमी होते.

शेवटचं सत्र एका ज्येष्ठ सुलेखनकारांचं होतं. त्यांच्यासाठी म्हणून निम्मे लोक आले होते. चार फुटी कागद, रुंद ब्रश, काळी शाई, असं प्रात्यक्षिक. पाऊण तास ठरलेला, त्यातली जेमतेम दहा मिनिटं उरली. त्यांनी ‘अ’चं पहिलं वळण घेतलं आणि मागच्या दारातून नाटकाचा टेम्पो रिकामा व्हायला लागला. बॅकस्टेजची मंडळी सज्जन. त्यातला एक जण विंगेत येऊन मला हळूच म्हणाला, “काका, तुमचं चालू द्या, आम्ही मागे लावतो.” आणि काळ्या पडद्यामागे खिळे ठोकायला सुरुवात झाली. सुलेखनकारांनी एकदा मागे पाहिलं, हसले, आणि तिसऱ्या अक्षराशी ब्रश ठेवला. ओले कागद चार चार पोरं चार कोपरे धरून पॅसेजमध्ये नेत होती आणि समोरून सोफा येत होता.

दोष नाटकवाल्यांचा मुळीच नव्हता. चारच्या प्रयोगाला सेट लावायचा तर दोनला स्टेज मोकळं हवंच.

माझा रिवाज असा. सत्र किती वाजता संपतं हे विचारायचंच, पण त्याच्या आधी विचारायचं की पुढच्या सत्रात काय आहे. नाटक असेल तर सत्र संपण्याच्या पाऊण तास आधी माझा कार्यक्रम संपलेला असतो. उद्घाटन दहा मिनिटांत. समई लावायचीच असेल तर वाती आदल्या रात्री तेलात, पंखा बंद, आणि काडी एकाच माणसाच्या हातात. सत्कार जेवणाच्या सुट्टीत करा, लोक उलट जास्त आनंदाने टाळ्या वाजवतात. सगळ्यात मोठा वक्ता शेवटी ठेवायची हौस सोडा. ज्याच्यासाठी लोक आलेत तो जेवणाआधी बोलला पाहिजे, कारण उशिराचा सगळा भार शेवटच्यावर पडतो.

वेळ पाळायला मी अॅप वापरत नाही. जाड पुठ्ठ्याची तीन कार्डं: १०, ५ आणि ०. पहिल्या रांगेत, वक्त्याच्या नजरेसमोर बसतो. शून्य दाखवूनही बोलणं चालू राहिलं तर स्टेजवर जाऊन शेजारी उभा राहतो आणि टाळ्या वाजवायला लागतो. सभागृह साथ देतं. हे उद्धट आहे असं काही जण म्हणतात. आपली पाळी यायची वाट बघत विंगेत उभ्या असलेल्या वक्त्याला विचारून बघा.

रविवारी सकाळी नऊ

मुंबईत राहून रविवारी सकाळी नऊची वेळ देणाऱ्याला बहुधा ट्रेनने यावं लागत नसावं. रविवारी गाड्या आधीच कमी, त्यात मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जंबोब्लॉक. ब्लॉक नेमका कुठे, हे रेल्वे दोनेक दिवस आधी जाहीर करते, म्हणजे महिनाभर आधी तुम्हाला ते कळणार नाही. साडेदहाची वेळ द्या आणि शनिवारी सकाळी ब्लॉकची बातमी सगळ्यांना पाठवा. जागा दादर, माटुंगा, प्रभादेवीच्या पट्ट्यात शोधा, कारण दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही मिळतात. आता कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली मेट्रो ३सुद्धा दादर-सिद्धिविनायकवरून जाते आणि तिला रेल्वेच्या ब्लॉकशी देणंघेणं नाही. काचेच्या चकाचक इमारतीतला हॉल फुकट मिळतोय म्हणून डोंबिवली-विरारच्या पोरांना तीन वाहनं बदलायला लावू नका.

तारखेचंही तेच. जानेवारीचा तिसरा रविवार मॅरेथॉनचा, दक्षिण मुंबईतले रस्ते बंद. जून ते सप्टेंबर नकोच.

स्लाइड वक्त्याच्या लॅपटॉपवरून चालवणं

ही माझी दुसरी आवडती तक्रार. खोलीभर डिझायनर असले तरी पडद्यावर अक्षरं तुटतात, आणि ती तुटलेली बघायला त्याच खोलीत शहरातले सगळे टाइपवाले बसलेले असतात.

प्रकार साधा असतो. वक्त्याने घरच्या मॅकवर कीनोटमध्ये, म्हणजे अॅपलच्या स्लाइड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल केली, कोणीतरी ती पॉवरपॉइंटमध्ये बदलली आणि हॉलच्या विंडोज मशिनवर उघडली. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशिनांना समजणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोड असेल पण फॉन्ट नसेल, तर मशिन आपल्या मनाने दुसरा फॉन्ट लावतं, ओळी वाहून जातात आणि कधी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉप या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या पोस्टरची आणखी एक गंमत असते. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग लावलेली नसली की वेलांटी जागा सोडते. ‘दिशा’ या शब्दाचं ‘दशिा’ झालेलं मी बारा फुटी पडद्यावर पाहिलंय. विषय होता भारतीय लिपी आणि ब्रँडिंग.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. गुरुवारी रात्रीपर्यंत सगळ्यांकडून पीडीएफ. व्हिडिओ असेल तर एमपी-४ वेगळी फाइल, कुठल्या पानानंतर लावायची ते लिहून. सगळं एका लॅपटॉपवर, दुसऱ्यावर त्याचीच कॉपी. ‘माझ्या स्लाइड्समध्ये अॅनिमेशन आहे’ म्हणणाऱ्या वक्त्याला मी प्रेमाने सांगतो, की अक्षर उडत येण्यापेक्षा दिसण्याला आमच्याकडे महत्त्व आहे. ज्याला खरोखरच लाइव्ह काम दाखवायचं असेल त्याने सकाळी दार उघडायच्या आधी यायचं, स्वतःचं अॅडॉप्टर आणायचं आणि आवाजासकट जोडून दाखवायचं. आवाजासकट, कारण चित्र येतं आणि आवाज लॅपटॉपच्या तळातून, हे तर दर वेळी घडतं.

एलईडी वॉलवाल्याला पिच, म्हणजे पडद्यावरच्या दिव्यांमधलं अंतर, विचारा. हल्ली सगळ्यांना प्रोजेक्टर नको, वॉल हवी. पी-४ म्हणजे दोन दिव्यांमध्ये चार मिलिमीटरचं अंतर. बारा फुटांची वॉल म्हणजे सुमारे ३६५० मिलिमीटर, भागाकार करा, आडवे जेमतेम नऊशे पिक्सेल. तुमची १९२० पिक्सेलची स्लाइड त्यात कोंबली की बारीक रेघेचा करडा टाइप गायब. आदल्या संध्याकाळी हॉल मिळत असेल तर शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि प्रत्येक वक्त्याचं एक तरी पान बघा.

माझ्या पाउचमध्ये कायम असतात ते एचडीएमआयचे दोन अॅडॉप्टर, पेन ड्राइव्ह, काळी कापडी टेप आणि कॉर्डलेस माइकसाठी नवे सेल. साउंडवाल्याकडे सेल असतात, पण ते कालच्या हळदीला वापरलेले असतात.

काही छोट्या, पण चिवट चुका

नावाचा बिल्ला. ग्रुपचा लोगो मोठा आणि माणसाचं नाव मुंगीएवढं, तेही करड्या रंगात. बिल्ला गळ्यात उलटा फिरतोच, म्हणून नाव दोन्ही बाजूंना छापा आणि हातभर लांबून वाचता येईल एवढं ठेवा. इतरांचा टाइप बघून नाकं मुरडणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

फुकट नोंदणी. निम्मे लोक येत नाहीत आणि जेवण सगळ्यांचं सांगितलेलं असतं. तीनशे रुपये घ्या, विद्यार्थ्यांकडून शंभर. पैसे भरलेला माणूस येतो.

जेवणाची रांग. एका टेबलाच्या एका बाजूने मिनिटाला पाचेक माणसं पुढे सरकतात. अडीचशे माणसांना पन्नास मिनिटं लागतील आणि तुमची सुट्टी असते पंचेचाळीस मिनिटांची. दोन टेबलं भिंतीपासून लांब, दोन्ही बाजूंनी वाढणं, म्हणजे चार रांगा. जैन जेवणाचा कोपरा वेगळा आणि पाटी मोठी. चहा मात्र दिवसभर चालू ठेवा, त्यात काटकसर करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सहा जणांची पॅनेल चर्चा. चाळीस मिनिटांत सहा माणसं आणि एक सूत्रसंचालक म्हणजे नुसते परिचय. तीन पुरेत, आणि त्या तिघांचं एका तरी मुद्द्यावर पटत नसावं.

वक्त्यांची यादी. या शहरात जेजे १८५७पासून आहे, पवईला आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं शिक्षण देणारं केंद्र १९६९पासून, आणि तरी प्रत्येक कॉन्फरन्समध्ये त्याच चारपाच स्टुडिओंची माणसं तेच काम दाखवतात. लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एखाद्या प्रिंटरला बोलवा, दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणाऱ्याला बोलवा. मराठीत बोलू द्या. त्यांच्यासोबत स्टेजवर एक विचारणारा बसवा, कारण भाषणाची सवय नसलेला माणूस प्रश्नांना फार छान उत्तरं देतो. आणि मानधन सगळ्यांना सारखं द्या. ‘तुम्हाला एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य क्लायंटच्या तोंडी आलं की आपण त्यावर मीम काढतो.

स्पॉन्सरचं भाषण. प्रायोजकाला स्टॉल द्या, बॅनर द्या, पाच मिनिटं द्या, पण त्या पाच मिनिटांना कार्यक्रमपत्रिकेत प्रायोजकाचंच नाव द्या. ‘क्रिएटिव्हिटीचं भविष्य’ असं शीर्षक देऊन सॉफ्टवेअर विकलं की लोक चहाला उठतात.

पैसे कोणाच्या नावावर

हे कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात. ग्रुप म्हणजे कागदावर कोणीच नसतो. ना नोंदणी, ना खातं, ना पॅन. प्रायोजक कंपनी हो म्हणते, मग तिचं अकाउंट्स खातं बिल मागतं, पॅन मागतं, व्हेंडर फॉर्म पाठवतं, आणि पैसे येतात कार्यक्रमानंतर दीडदोन महिन्यांनी. केटरर आणि वॉलवाला मात्र आगाऊ मागतात. ती मधली रक्कम शेवटी कोणीतरी एक जण स्वतःच्या खिशातून भरतो आणि पुढच्या वर्षी तो मीटिंगला येत नाही. म्हणून पहिल्याच मीटिंगला, लोगोच्याही आधी, विचारा की कोणाची नोंदणीकृत संस्था किंवा फर्म आपल्या पाठीशी उभी राहील. पैसे, बिलं, सगळं तिच्या खात्यातून. तिकिटांचे पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, भांडणं तिथूनच सुरू होतात.

हॉलच्या डिपॉझिटची पावतीही त्याच नावाने करा. पावतीवर ग्रुपचं गमतीदार नाव टाकलंत, की परताव्याचा चेकही त्याच नावाने निघू शकतो, आणि त्या नावाचं खातं कुठल्याच बँकेत नसतं. मूळ पावती हॉल सोडताना लागते. ती टोट बॅगांच्या खोक्यात ठेवू नका, एका माणसाच्या पाकिटात ठेवा, आणि कोणाच्या ते रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या आखणीच्या कागदावर, लिहा.