कोब्याखाली काय भरावं: मुरूम, कच की सोलिंग?

कोब्याला, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीला, भेगा पडल्या की लोक सिमेंटला नावं ठेवतात, नाहीतर मिस्त्रीला बोल लावतात. मी बार्शी-परांडा पट्ट्यात शेड, गोठे आणि धान्याची गोदामं बांधतो. उखडलेला कोबा बघायला बोलावलं की मी आधी पहारीने एक कोपरा फोडतो आणि खालचा भराव हातात घेऊन बघतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. भराव निवडताना एकच गोष्ट धरून चाला: पाणी लागलं तरी जो फुगत नाही आणि खचत नाही, तोच माल कोब्याखाली घालायचा.

पण त्याच्याही आधी जमीन बघा. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो, आणि पावसाळ्यात तीच फुगून वर येते. तिच्यावर चार इंचांचा कोबा काय टिकणार? वरचा मुळ्या-कचऱ्याचा थर तर सगळीकडेच काढायचा. काळ्या मातीत मात्र निदान दोन-तीन फूट खोल जाऊन माती काढावी आणि चांगल्या मुरमाने भरून घ्यावी. काळी खोलवर असेल तर ती सगळी निघत नाही, पण मुरमाचा दाबलेला जाड थर तिला बराच आवरतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण एक मीटरचा थर द्यायची पद्धत मांडली. ती कालव्यांच्या कामात वापरली जाते. त्यातलं तत्त्व आपल्यालाही लागू आहे. म्हणूनच काळीवर थेट वाळू किंवा धुतलेली खडी टाकू नका. वाळू-खडीच्या पोकळ्यांत पाणी साठतं आणि तेच पाणी खालच्या मातीला फुगवतं.

आता मुरूम. मुरूम म्हणून जे डंपरमधून उतरतं ते सगळं मुरूम नसतं. झिजलेल्या काळ्या खडकाचा, दाणेदार, हातात खरखरीत लागणारा माल हवा. रंगावर जाऊ नका, तांबूस मुरूमही मातीने भरलेला निघतो. माल उतरवण्याआधी त्यातला मूठभर घ्या, मोठे खडे वेचून काढा, उरलेला बारीक भाग ओला करून मळा आणि तळहातावर वातीसारखा वळा. वात काडीइतकी, म्हणजे ३ मिलिमीटरची होईपर्यंत तुटली नाही, तर त्यात चिकणमाती फार आहे. गाडी परत पाठवा. त्याआधीच चुरा होऊन तुटत असेल तर माल कामाचा. आणखी खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश मुरूम, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवा आणि रात्रभर ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, माती सगळ्यात शेवटी. सकाळी मातीचा थर जाड दिसला तर त्या खाणीचा नाद सोडा. गाडीवाल्याकडे रॉयल्टीची पावतीही मागा. मुरूम हे गौण खनिज आहे, विनापरवाना मालाची भानगड आपल्या दारात नको.

खाली काळी माती नसेल आणि घराचा, गोठ्याचा किंवा साध्या शेडचा कोबा असेल तर दाबून सहा ते नऊ इंच मुरूम पुरतो. उसाची ट्रॉली किंवा भरलेला ट्रक आत येणार असेल तर नुसत्या मुरमावर भागवू नका, त्यावर सोलिंग घ्या. सोलिंग म्हणजे डबर (ओबडधोबड दगड) ओतून मोकळं होणं नव्हे. नऊ इंची दगड रुंद बाजू खाली ठेवून हाताने एकमेकाला भिडवून उभे लावायचे, फटींत चिपा ठोकायच्या, वरून खडी आणि कच (क्रशरवरचा दगडाचा बारीक चुरा) भरून रोलर फिरवायचा. असं रचलेलं सोलिंग वजन पसरवतं. शिवाय दगडांमधल्या मोठ्या फटींमुळे खालची ओल वर चढत नाही. बारीक मातीच्या मुरमातून ओल चढते, धान्याच्या गोदामात तर पोत्यांचे तळ त्यानेच खराब होतात. क्रशरवर आयती जीएसबी (रस्त्याच्या पायात घालतात ती मिश्र खडी) मिळत असेल तर सोलिंगऐवजी तीही चालते. लहानमोठे दाणे मिसळलेले असल्याने ती घट्ट बसते आणि मजुरीही वाचते. मला स्वतःला ती मोठ्या शेडसाठी जास्त पसंत आहे.

राडारोडा फुकट मिळतो म्हणून भरू नका. त्यात लाकूड असतं, त्यामागे वाळवी येते. प्लास्टर आणि मऊ विटा पाण्याने भुसभुशीत होऊन खचतात, खाली पोकळी राहते. जुन्या काँक्रीटचे तुकडे तीन इंचांपेक्षा लहान फोडून, मुरमात मिसळून चालतात. कारखान्याची राखही नको, एक गाडी दुसरीसारखी नसते.

माल कितीही चांगला असो, दाबला नाही तर फुकट. सहा-सहा इंचांचे थर करा. पाणी इतकंच मारा की मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल, पण पाणी टपकणार नाही. जोत्यात पाणी सोडून भराव ‘बसवायची’ पद्धत वाळूला ठीक आहे, मुरमाला नाही. एका गोदामाचा कोबा मी पाहिला, मधे ठणठणीत आणि भिंतीलगत चारी बाजूंनी बोटभर खाली गेलेला. रोलर भिंतीपर्यंत पोचला नव्हता आणि कडेला कुणी धुम्मस (हाताने ठोकायचं जड ठोकणं) मारलेलाच नव्हता. कडा आणि कोपरे धुम्मसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरनेच दाबायचे. दाबून झाल्यावर बुटाची टाच जोरात मारा. ठसा उमटला तर अजून काम बाकी आहे.

सर्वांत वर इंचभर कच पसरून लेव्हल करा, म्हणजे २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टोचून फाटत नाही. जोड देताना कागद एकमेकांवर फूटभर चढवा आणि मग कोबा ओता.

मालाचा हिशोब असा: २० बाय ३० फुटांच्या शेडला सहा इंच दाबलेला थर म्हणजे ३०० घनफूट, अर्थात ३ ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून चौथा हिस्सा वाढवून पावणेचार, म्हणजे सरळ ४ ब्रास सांगा. गाडीतला माल सैल असतो, त्यामुळे गाडी रिकामी होण्याआधी टेप लावून लांबी, रुंदी आणि उंची स्वतः मोजा.