सोयाबीन पिवळं पडलं म्हणून लगेच दुकानात पळू नका

तरणा पाऊस (जुलैतला, पुनर्वसू नक्षत्राचा) लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडतंय, लोक एक पान घेऊन सरळ दुकानात जातात आणि दुकानदार टॉनिकची बाटली हातात ठेवतोय. अहो आधी रानात उतरा की, पाणी तुंबलंय का बघा. दरवर्षी हेच, चर काढायची नाही आणि खापर बियाण्यावर फोडायचं.

चांगल्या मातीत निम्म्याच्या आसपास पोकळ्या असतात, थोड्या पाण्याच्या थोड्या हवेच्या, तोच वाफसा. काळी माती भिजली की फुगतीय, भेगा मिटतात, पाणी मुरायचं थांबतंय, मग पोकळ्यांतली हवा जाऊन एक-दोन दिवसांत मुळांचा ऑक्सिजन संपतोय. मुळावरच्या गाठीत हवेतला नत्र धरणारे जिवाणूही गप्प, मग पिकाला नत्र कुठनं मिळणार? त्यात वरनं युरिया फेकला तर काही वाहून जातोय, काही वायू होऊन उडतोय. भाताचं वेगळं, त्याच्या देठातल्या पोकळ्यांतनं हवा मुळापर्यंत पोचतीय.

वीतभर खणून बघा. माती निळसर-करडी आणि कुजका वास आला तर हवा संपली. मुळावरची गाठ नखानं फोडा, आत गुलाबी असली तर अजून जीव हाय.

आत्ता पावसात खोऱ्यानं बांधाकडची चर उघडा, आणि जरा उघडीप मिळून वाफसा आला की कोळप्याला दोरी गुंडाळून दर ४ ओळींनंतर सरी पाडा. चरातनं लई गढूळ पाणी पळत असलं तर मी चर उताराला आडवी-तिरपी घेतो, नाहीतर पाण्याबरोबर मातीपण गेली. बेळगावलगतच्या शहापूर-येळ्ळूर शिवारात बळ्ळारी नालाच तुंबतोय, तिथं एकट्याच्या चरीनं काय होत नाही, सगळ्यांनी मिळून नाल्याची तोंडं मोकळी करायला पायजेत.

पाणी निघाल्यावर २ टक्के युरिया फवारा, १० लिटरला २०० ग्रॅम, बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त. आठवड्यात पान हिरवं झालं नाही, आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असल्या, तरच लोहाचं बघा, १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना. शंका असली तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात पान दाखवा.

बाकीची कामं:
- बटाटा: करप्याला मॅन्कोझेब, १० लिटरला २५ ग्रॅम
- ऊस: सऱ्यांची तोंडं मोकळी
- भात: फुटलेले बांध लिंपणं
- खानापूरकडची तांबडी जमीन: पाणी लवकर निघतंय पण खत धुऊन जातंय, युरिया दोन-तीन हप्त्यांत
- नदीकाठ: दूधगंगा-वेदगंगा फुगली तर चरीचं तोंड बुजवा, पाणी उलटं रानात शिरतंय