तीन नोट्रम्प बुडायचे का थांबले

ब्रिज खेळताना माझे तीन नोट्रम्प, म्हणजे हुकूम न ठेवता नऊ हात करायची बोली, हमखास एका हाताने बुडायचे. बोली ठीक असायची, दोघांत मिळून मोठ्या पानांचे 25-26 पॉइंटही असायचे. घोळ पहिल्याच पानावर. डावीकडून बदाम उतरला की मी लगेच एक्का टाकून मोकळा!

आता डमी, म्हणजे समोरच्या जोडीदाराची पानं, उघडली की पानाला बोटही लावत नाही. आधी खात्रीचे हात मोजतो. नऊला किती कमी, ते कुठून येतील? बदामाची आमच्याकडे मिळून पाच पानं असतील तर ठोकताळा असा: सातातून पाच गेले, उरले दोन, म्हणजे एक्का दोनदा रोखायचा. तिसऱ्यांदा घेतला की उजवीकडच्याकडे बदाम बहुधा संपलेला असतो, मग त्याला हात मिळाला तरी तो बदाम परत उतरू शकत नाही.

सराव एकट्यानेच: चार जागी पानं वाटून समोरासमोरची दोनच उघडतो, बेत कागदावर लिहितो, मगच उरलेली दोन पाहतो. बोलीला मात्र जोडीदार लागतोच.