नौदल अधिकारी, वसाहतकार, राजकारणी: अशा माणसाचे चरित्र कसे लिहावे

जहाज, जमीन आणि विधान परिषद या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात आल्या, की चरित्रकार बहुधा जहाजावरच रमतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे करणारे ब्रिटिश नौदल अधिकारी फिलिप पार्कर किंग यांच्यावर लिहिताना हा मोह टाळावा आणि आधी नेमणुकांची सनावळी तयार करावी. १७९१ मध्ये नॉरफोक बेटावर जन्म, १८०७ मध्ये नौदलात प्रवेश, १८१७ ते १८२२ या काळात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण, पुढे दक्षिण अमेरिकेची मोहीम आणि १८३२ मध्ये सिडनीला परत. वडील न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर होते, त्यामुळे जमिनीशी असलेले नाते निवृत्तीनंतर अचानक जुळलेले नाही, हे सनावळीवरूनच कळते. शिवाय नेमणूक नसलेल्या अधिकाऱ्याला अर्ध्या पगारावर राहावे लागे, हेही ध्यानात ठेवावे.

नकाशा हा दस्तऐवज म्हणून वाचावा. उत्तर किनाऱ्यावरील पोर्ट एसिंग्टन हे नाव किंग यांनी १८१८ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल विल्यम एसिंग्टन यांच्या स्मरणार्थ दिले. अशा एकेका नावातून अधिकाऱ्याचे स्नेहसंबंध आणि निष्ठा उलगडतात. त्याच सफरीत ‘मर्मेड’ या ८४ टनांच्या लहानशा जहाजावर बंगरी हे आदिवासी गृहस्थ सोबत होते आणि त्याआधी ते सागरी सर्वेक्षक मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्याबरोबरही गेले होते. त्यांना तळटीपेत ढकलू नये.

सर्वांत अधिक वेळ मात्र न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरील पोर्ट स्टीफन्सला, म्हणजे किंग यांनी सांभाळलेल्या कंपनीच्या जमिनीला द्यावा. १८२४ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन अ‍ॅग्रिकल्चरल कंपनीला दहा लाख एकर जमीन मिळाली होती आणि १८३९ पासून दहा वर्षे किंग तिचे आयुक्त होते. कंपनीचे दप्तर कॅनबेरा येथील नोएल बटलिन अभिलेखागारात आहे. ते वाचताना मेंढ्या आणि लोकर यांच्या हिशेबाबरोबर कैदी मजुरांच्या नोंदीही पाहाव्यात, आणि ही भूमी वोरिमी या आदिवासी लोकांची होती हे स्वतःच्या शब्दांत, पहिल्याच पानावर लिहावे, कारण कंपनीचा हिशेब ते आपणहून सांगणार नाही.

न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवरील पहिली नियुक्तीही १८३९ मधलीच आहे. कंपनीचा कारभारी आणि कायदेमंडळाचा सदस्य या दोन भूमिकांमधला ताण तिथेच तपासावा. १८५१ मध्ये ते निवडून आले. त्या काळातील वृत्तपत्रे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात शोधता येतात.

हुद्दा लिहिताना प्रसंगाचे वर्ष पाहावे: १८५६ मध्ये निधन झालेल्या किंग यांना रिअर अ‍ॅडमिरल हे पद १८५५ मध्ये, तेही निवृत्तांच्या यादीत मिळाले, म्हणून ‘मर्मेड’वरील किंग यांना अ‍ॅडमिरल म्हणू नये.